हरणाचं मटण उग्र लागू नये म्हणून

अमेरिकेत नोव्हेंबरच्या सुमारास शिकारी शेजारी हौसेने हरणाचं मटण आणून देतात, आणि आपण ते बोकडासारखं शिजवलं की उग्र आणि चामट होतं. (भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा प्रश्नच येत नाही.)

1. पांढरी चरबी सगळी काढा. बोकडाची चरबी चव आणते, हरणाची मेणासारखी टाळूला चिकटते. उग्रपणा बराचसा तिचाच. मांसावरचा चंदेरी पापुद्राही सुरीचं टोक आत घालून सोलून काढा, तो शिजून मऊ होत नाही.

2. तुकडे ताकात बुडवून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी निथळून पुसा, मग हळद, मीठ, आलं-लसूण लावा.

3. पाठीच्या कण्यालगतची लांबट पट्टी सगळ्यात चवदार. तिचा रस्सा करणं म्हणजे तिची माती करणं! जाड काप करून कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर तुपात झटपट परता.

4. खांदा आणि नळीचं मांस रश्श्याला. अंगची चरबी नसल्यामुळे तेल सढळ हाताने घाला, कांदा-खोबऱ्याचं वाटण लावा आणि मंद आचेवर निवांत शिजू द्या.

खिमा असेल तर आत गुलाबी ठेवू नका. आणि देणाऱ्याला एक जरूर विचारा: त्या भागात हरणांचा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज (मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग) आहे का? असेल तर तपासणीचा निकाल येईपर्यंत पाकीट फ्रीजरमध्येच ठेवा. हा दोष शिजवून जात नाही.