कडाक्याच्या थंडीत गाई खंगत होत्या, त्यावर केलेला उपाय

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या ज्या फार्मवर मी काम करतो, तिथे मांसासाठी पाळलेल्या गाभण गाई जानेवारीत खंगायला लागल्या. नुसतं बघून हे कळत नाही, कारण हिवाळ्यात केस फार दाट वाढतात. हातमोजा काढून बरगड्यांवर बोटं दाबली, तर हाडं थेट हाताला लागली.

केस दाट आणि कोरडे असले तर साधारण उणे ८ अंशांपर्यंत गाय नेहमीच्या चाऱ्यावर तग धरते. त्याखाली दर अंशाला सुमारे २ टक्के जादा ऊर्जा लागते. केस भिजले तर हेच गणित अधिक १५ अंशांपासून सुरू होतं! म्हणून आधी वारा अडवायला फळ्यांचं कुंपण घातलं, खाली कोरडं काड पसरलं. मग वाळलं गवत वाढवलं आणि ते सकाळऐवजी दुपार कलल्यावर टाकायला लागलो. कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पोटाच्या मोठ्या कप्प्यात, चारा आंबताना ऊब तयार होते, ती रात्री कामी येते.

बार्लीचा भरडा मात्र हळूहळूच वाढवावा. एकदम दिला तर पोटात आम्ल वाढून जनावर दगावूही शकतं. पाण्याच्या टाकीला हीटर हवाच. पाणी कमी पडलं की गाय खाणंही कमी करते.

महिनाअखेर घसरण थांबली. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणार असलेल्या कालवडी आता वेगळ्या वाड्यात ठेवतो, थोराड गाई त्यांना चाऱ्यापाशी टिकूच देत नाहीत.