समूहावरचा नाच बसवताना

समूहावर काहीतरी प्रायोगिक करायचंय, असं म्हणत कुणी आलं की मी आधी विचारते, कुठला समूह, आणि तो करतोय काय? ‘व्यक्ती आणि समाज’, ‘गर्दीतलं एकटेपण’ असं उत्तर आलं तर समजावं, तालमीची वेळ अजून झालेली नाही. एवढ्या मोठ्या विषयाला शरीर नसतं. लिफ्टमध्ये अडकलेली आठ माणसं हा विषय होऊ शकतो. शोकसभेत दोन मिनिटं उभी राहिलेली माणसं हाही होऊ शकतो. दोन मिनिटं झाली असावीत असं प्रत्येकाला वाटतंय, पण आधी बसायचं कुणी? इथे अंतर आहे, वजन आहे, नजरा आहेत, वेळ आहे. नाच बसवायला एवढं पुरतं.

उदाहरणासाठी माझीच टाळ्यांवरची रचना घेते. नऊ नर्तक, पन्नास मिनिटं, सपाट जमीन, समोरासमोर दोन बाजूंना प्रेक्षक. तिचं बीज एका अभ्यासात होतं. काही भौतिकशास्त्रज्ञांनी रुमानिया आणि हंगेरीतल्या प्रेक्षागृहांमधल्या टाळ्या ध्वनिमुद्रित केल्या आणि २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुरुवातीला सगळे भरभर, ज्याच्या त्याच्या गतीने वाजवतात. मग टाळ्या एका ठेक्यात येतात, आणि येतात तेव्हा प्रत्येकाची गती जवळजवळ निम्मी झालेली असते. पण गती उतरली की एकूण आवाजही उतरतो. तो वाढवायला लोक पुन्हा भरभर वाजवू लागतात आणि ठेका फुटतो. मला इथे पन्नास मिनिटांचा सांगाडाच मिळाला. एकत्र यायचं तर प्रत्येकाने सावकाश व्हायचं, आणि भरात आलं की पांगायचं. तुमच्या विषयातही अशी एखादी कळ असते, ती आधी शोधा. भावनांच्या मागे लागू नका, त्या न बोलावता येतात.

माणसं

तीन-चार वस्तू आपली नजर न मोजता ओळखते, त्यापुढे मोजावं लागतं. म्हणून चार नर्तक असले की प्रेक्षक चार माणसं बघतो आणि कोण कुणाचं कोण हे मनातल्या मनात ठरवून टाकतो. सात-आठच्या पुढे तो हा नाद सोडतो. मी नऊ घेते. विषम आकड्यात जोड्या पुऱ्या पडत नाहीत, कुणीतरी उरतंच, आणि त्या उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न समूहाला आपसूक पडतो. पंधराच्या वर जाणार असाल तर आधी सगळ्यांच्या मोकळ्या वेळा कागदावर मांडून बघा. उत्साह तिथेच ओसरेल.

सगळे एका वयाचे आणि एकाच पठडीत तयार झालेले नकोत. अमेरिकी नृत्यदिग्दर्शक स्टीव्ह पॅक्स्टनने १९६७ साली ‘सॅटिस्फाइन लव्हर’मध्ये माणसांना फक्त चालायला, उभं राहायला आणि बसायला सांगितलं होतं. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशने आपली १९७८ची रचना ‘कॉन्टाक्टहोफ’ २००० साली पासष्टीच्या पुढच्या हौशी स्त्रीपुरुषांना घेऊन पुन्हा बसवली, आणि २००८ साली किशोरवयीन मुलामुलींना घेऊन. रचना तीच, पण खुर्चीवरून उठायला कुणाला किती वेळ लागतो याने सगळं बदलतं. प्रशिक्षित नर्तकांची एक खोड मात्र आधी मोडावी लागते. साधं चालायला सांगितलं तरी ते पायाची बोटं ताणून चालतात. त्यांना हातात पाण्याने काठोकाठ भरलेला पेला देऊन चालवा, पाय आपोआप जमिनीवर येतात.

नियम

‘तुम्ही गर्दी आहात’ असं नर्तकांना सांगितलंत की ते गर्दीचा अभिनय करतील : खांदे आवळतील, डोळे विस्फारतील. त्याऐवजी प्रत्येकाला एवढंच सांगा की लक्ष कुणावर ठेवायचं आणि त्याने काय केलं की आपण काय करायचं. माझ्या मते सगळं दिग्दर्शन इथेच होतं, बाकीची सजावट.

याला आधार आहे. संगणकतज्ज्ञ क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ साली संगणकावर पक्ष्यांचा थवा उडवला तो तीन नियमांवर : शेजाऱ्याला धडकू नका, त्याच्या दिशेने आणि वेगाने चला, आसपासच्यांच्या मध्याकडे सरका. ना पुढारी, ना नकाशा. रोममधल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या थव्यांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात पक्ष्यांचं भान ठेवतो, मग ते किती का अंतरावर असेनात. माणसाला नाचताना सहा झेपत नाहीत. दोन पुरे.

पहिल्या तालमीला हा खेळ घ्या. प्रत्येकाने मनात दोन जण धरायचे, नावं सांगायची नाहीत, आणि त्या दोघांपासून सारख्या अंतरावर राहायचं. एक जण हलला की दोघं-तिघं हलतात, त्यांच्यामुळे आणखी कुणी. मग सगळे अचानक थांबतात, आणि का थांबले ते त्यांनाही कळत नाही. तुम्ही भिंतीला टेकून बघत राहा. मध्ये बोलायचं नाही.

टाळ्यांच्या रचनेत मी याच खेळाला वळण दिलं. धरलेल्या दोघांपैकी जो सावकाश चालतोय त्याच्या गतीला यायचं. एवढ्या एका नियमाने सगळी खोली हळूहळू मंदावते आणि बहुतेक वेळा सगळ्यांत सावकाश माणसाला येऊन मिळते. कधीकधी त्या माणसाला कुणीच धरलेलं नसतं, मग तो एकटाच मागे राहतो, आणि ते दृश्य मी ठरवूनही बसवू शकले नसते. दुसरा नियम उलट्या दिशेचा. आपल्या पावलांचा आवाज इतरांच्या आवाजात ऐकू येईनासा झाला की गती वाढवायची मुभा. सगळे एका ठेक्यात आले की नेमकं हेच होतं, आणि पाचेक मिनिटांत घडी विस्कटते. हे दोन नियम रचनेची वीस मिनिटं चालवतात.

नियम चांगला आहे की नाही हे ओळखायचं कसं? एका दमात सांगता आला पाहिजे. तो सलग वीस मिनिटं चालवा. पहिली पाच मिनिटं कंटाळवाणीच असतात, त्यांच्यावरून निकाल देऊ नका. नर्तक मध्येच थांबून ‘म्हणजे नक्की काय करायचं?’ विचारू लागले तर नियम धूसर आहे. दर वेळी तेच चित्र दिसत असेल तर तो फार घट्ट आहे, एक अट काढून टाका. आणि प्रेक्षकाला नियम ओळखता आला पाहिजे असा हट्ट धरू नका. काहीतरी शिस्त आहे एवढं त्याला जाणवलं की तो पुढे सरकून बसतो.

नियमांचा कंटाळा आला की नृत्यदिग्दर्शिका सिमॉन फोर्टीची १९६१ची रचना ‘हडल’ करून बघा. सहा ते नऊ जण एकमेकांच्या खांद्याकमरेला हात घालून, गुडघे वाकवून, माना आत घालून घट्ट उभे राहतात. एक जण सुटतो, सगळ्यांच्या पाठीखांद्यांवरून चढून पलीकडे उतरतो आणि पुन्हा त्यात मिसळतो. मग दुसरा. दहा मिनिटांत कोण वजन टाकायला घाबरतं आणि कोण घ्यायला, हे सगळ्यांना समजतं.

वजनाचं आलंय तर, स्पर्शाबद्दल पहिल्याच दिवशी बोला, आणि मोघम नको. कुठे हात चालेल, कुठे नाही, हे प्रत्येकाने स्वतः सांगायचं, आणि ते कधीही बदलता येतं. वजन नितंबांवर, मांड्यांवर, खांद्यांच्या पात्यांवर. मान, गुडघे आणि पोटावर कधीच नाही. ढीग करायचा असेल तर सगळ्यांत खालचा माणूस ठरवेल कधी थांबायचं. थांबण्याचा एक शब्द ठरवा. तो प्रयोगातही चालतो, प्रेक्षकांनी ऐकला तरी काही बिघडत नाही. सिमेंटच्या जमिनीवर उड्या नकोत, वर व्हिनाइल, म्हणजे नाचासाठीचं प्लॅस्टिकचं आच्छादन, अंथरलं तरीही. व्हिनाइलने घसरणं कमी होतं, धक्का कमी होत नाही.

एका लयीत

समूह म्हटलं की नऊ जणांचे नऊ हात एकदम वर, हे पहिलं सुचतं. ते मिठासारखं वापरा. सगळ्यांनी एकदम केलेली हालचाल इतकी जबर असते की तिच्यापुढे आधीचं सगळं विसरलं जातं, आणि तिचा अर्थ तुमच्या ताब्यात राहीलच असं नाही. नृत्यदिग्दर्शक रुडॉल्फ लाबान १९२०च्या दशकापासून जर्मनीत हौशी माणसांचे मोठमोठे नृत्यसमूह घडवत होता. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या तोंडावर त्याने सुमारे हजार जणांची रचना बसवली. हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्सने तिची तालीम बघितली आणि बंदी घातली. सत्तेला हजार माणसं एकत्र हललेली आवडतात, फक्त ती कशासाठी हलतात हे तिला स्वतः ठरवायचं असतं. एकसारखी हालचाल बसवताना ही गोष्ट माझ्या डोक्यात असते.

बसवायचीच असेल तर आकडे मोजू नका. ‘पाच, सहा, सात, आठ’ म्हटलं की प्रत्येक जण आपापल्या डोक्यातल्या घड्याळाकडे बघतो, शेजाऱ्याकडे नाही. श्वासावर बसवा. सगळे डोळे मिटून उभे, कुणीही ऐकू येईल असा श्वास आत घेतो, आणि सोडताना सगळे एक पाऊल टाकतात. कुणी श्वास घ्यायचा ते ठरलेलं नसतं. आधी गोंधळ होतो, दोघं एकदम घेतात, कुणीच घेत नाही. जमेपर्यंत करत राहा. आणि जमल्यावरसुद्धा पाव सेकंदाचा फरक राहतो, तो घासून काढू नका. त्या फरकामुळेच नऊ माणसं दिसतात.

एक अडचण इथेच सांगून टाकते. समूहाच्या नाचात कुणीतरी एक वाळीत टाकलेला असलाच पाहिजे, असं सगळ्यांना का वाटतं कोण जाणे! निजिन्स्कीच्या १९१३च्या ‘ल साक्र द्यु प्रँतां’ (वसंताचा विधी) या बॅलेमध्ये बळी म्हणून निवडलेली मुलगी मरेपर्यंत नाचते. बाउशने १९७५ साली त्याच संगीतावर, रंगमंचभर माती पसरून, ते पुन्हा केलं. त्यांनी केलंय, झालंय. तुम्हाला एकटा माणूस हवाच असेल तर तो स्वतःहून बाहेर पडू दे, किंवा दर दोन मिनिटांनी बदलू दे.

आराखडा, आवाज, उजेड

नियमांनी प्रसंग मिळतात, रचना मिळत नाही. एक लांब कागद घ्या, आडवी रेघ म्हणजे पन्नास मिनिटं. रेघेवर तीनच गोष्टी लिहा : मंचावर किती जण, एकमेकांपासून किती लांब, आवाज किती. तिन्ही एकदम चढत असतील तर प्रेक्षकाला शेवट दहाव्या मिनिटालाच कळतो. माझ्या रचनेत सगळे सगळ्यांत जवळ असतात तेव्हा आवाज जवळपास नसतोच. प्रसंगांचा क्रम अडला तर नाणं उडवा. अमेरिकी नृत्यदिग्दर्शक मर्स कनिंगहॅमने हा मार्ग कितीतरी वेळा वापरला. मी मात्र नाणं तालमीतच ठेवते, कारण प्रयोगात प्रकाश चालवणाऱ्याला काहीतरी ठाम लागतं. त्याला क्यू, म्हणजे दिवा बदलायच्या खुणा, वेळेच्या नाही, घटनेच्या द्या : ‘तिसरा माणूस बसला की’, ‘सगळे थांबल्यावर दोन श्वासांनी’.

संगीत सगळ्यांत शेवटी आणा. ठसठशीत ठेक्याचं संगीत लावलं की समूह फुकटात मिळतो, आणि फुकटात मिळाल्यासारखाच दिसतो. आधी पावलं, श्वास, कपड्यांची सळसळ ऐका. जमिनीलगत दोन मायक्रोफोन ठेवून तोच आवाज थोडा मोठा केला तरी बऱ्याच जागा भरतात.

उजेड बाजूने हवा. समोरच्या प्रकाशात माणसं सपाट होऊन एकमेकांना चिकटतात. नडगीच्या, कमरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना दिवे लावले की प्रत्येक शरीर सुटं दिसतं. नडगीजवळचे दिवे डोळ्यांत जातात, नर्तकांना शेजारी दिसेनासा होतो आणि लक्षावर उभी असलेली रचना कोसळते. म्हणून या दिव्यांत निदान दोन अख्ख्या तालमी करा. कपडे काळे नकोत, काळ्या मंचावर ते फक्त तरंगणारे हात दाखवतात. गणवेशही नको. एकाच रंगाच्या जवळच्या छटा, गुडघे झाकलेले, बटणं नाहीत.

प्रेक्षक समोरासमोर बसवले तर त्यांना नर्तकांच्या पलीकडे दुसरे प्रेक्षक दिसतात, आणि न सांगता तेही समूहात येतात. कुणाला हात धरून ओढून आत आणू नका. तो माणूस मग पुढचा सगळा वेळ आपली फजिती आठवत बसतो. बाहेर जायची वाट मोकळी ठेवा आणि ती कुठे आहे ते आधी सांगा.

शेवटच्या आठवड्यात एक चाचणी घ्या. कुणालाही न सांगता एका नर्तकाला खुर्चीवर बसवा आणि आठ जणांत पूर्ण रचना चालवा. जिथे ती अडते तिथे तुम्ही नियम न देता जागा वाटून दिलेल्या असतात, ते भाग पुन्हा बसवा. दुसऱ्या दिवशी वेगळा माणूस बाहेर. असं केलेलं असेल तर प्रयोगाच्या सकाळी कुणाचा पाय मुरगळला तरी प्रयोग रद्द करावा लागत नाही, आणि खुर्चीवर बसलेल्याला रचना पहिल्यांदाच बाहेरून दिसते. त्याच्या सूचना लिहून घ्या, बहुतेक वेळा त्या तुमच्या सूचनांपेक्षा नेमक्या असतात.