बडोदा संस्थानाच्या जुन्या खानेसुमारीचे आकडे कसे वाचावेत

आपल्या गावाचा, ज्ञातीचा किंवा बडोद्यातील एखाद्या पेठेचा इतिहास लिहू पाहणारा माणूस आज ना उद्या 1881 ते 1931 या काळातील खानेसुमारीच्या, म्हणजे जनगणनेच्या, अहवालांपाशी येऊन पोहोचतो. त्यांतील कोष्टके इतकी नेटकी असतात की समोरचा आकडा तसाच्या तसा उतरवून घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. प्रत्येक आकड्यामागे दारात उभा राहून प्रश्न विचारणारा एक तलाठी किंवा शाळामास्तर आणि उत्तर देणारा एक घरधनी असतो. त्या दोघांमध्ये काय घडले हे समजून घेतल्याशिवाय आकडा वापरणे धोक्याचे आहे. म्हणून प्रांताची गणना कोणत्या क्रमाने होई ते आधी पाहावे आणि हाती असलेला आकडा त्यांपैकी कोणत्या पायरीवर तयार झाला हे ठरवावे.

संपूर्ण हिंदुस्थानात एकाच रात्री गणना करण्याची पद्धत 17 फेब्रुवारी 1881 पासून सुरू झाली. तारीख, पत्रकाचा नमुना आणि मुख्य नियम इंग्रज सरकारचा सेन्सस कमिशनर ठरवीत असे, तर संस्थानात काम चालविण्यासाठी गायकवाड सरकार स्वतःचा अधिकारी नेमी. 1901 मध्ये हे काम जमशेटजी अर्देशिर दलाल यांच्याकडे होते आणि 1911 मध्ये गोविंदभाई हाथीभाई देसाई यांच्याकडे. अधिकाऱ्याचे नाव पाहून ठेवणे उपयोगी पडते, कारण आकड्यांवरची टिपणी त्याची असते आणि ती नियमांइतकीच काळजीपूर्वक वाचावी लागते.

प्रांताच्या पातळीवर सुभा, तालुक्याच्या पातळीवर वहिवाटदार आणि गावात तलाठी व पटेल ही महसुलाचीच साखळी गणनेला जुंपली जाई. तालुक्याचे मंडळांत आणि मंडळाचे गटांत विभाजन होई. एका गटात साधारणपणे तीस ते पन्नास घरे असत व तो एका प्रगणकाकडे सोपविला जाई. अशा दहा-पंधरा गटांवर एक पर्यवेक्षक देखरेख ठेवी. बहुतेक प्रगणकांना या कामाचा वेगळा मोबदला मिळत नसे. 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यावर गावोगाव शाळा वाढल्या, त्यामुळे पुढच्या गणनांसाठी लिहितेवाचते हात मिळविणे सोपे गेले असणार, असे मला वाटते. साक्षरतेचे आकडे पाहताना ही पार्श्वभूमी ध्यानात असावी.

माणसे मोजण्याच्या कित्येक महिने आधी घरे मोजली जात. दाराच्या चौकटीवर किंवा भिंतीवर गेरूने क्रमांक घातला जाई आणि त्यावरून घरयादी तयार होई. येथेच पहिली अडचण उभी राहते, कारण ‘घर’ कशाला म्हणावे याची व्याख्या प्रांतोप्रांती व दशकागणिक बदलत गेली. काही ठिकाणी एका चुलीवर जेवणारे कुटुंब म्हणजे एक घर, तर काही ठिकाणी एका प्रवेशदाराच्या आतली सारी वस्ती म्हणजे एक घर. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील चार बिऱ्हाडांचा एखादा वाडा पहिल्या व्याख्येने चार घरे ठरतो आणि दुसऱ्या व्याख्येने एकच. तेव्हा दर घरी सरासरी किती माणसे राहत याची तुलना दोन वर्षांमध्ये करावयाची असेल, तर आधी दोन्ही अहवालांतील घराची व्याख्या शेजारी शेजारी ठेवून वाचावी आणि ती जुळत नसल्यास तुलना सोडून द्यावी.

यानंतर प्राथमिक गणना होई. नेमलेल्या रात्रीच्या काही आठवडे आधी प्रगणक घरोघर जाऊन नाव, धर्म, विवाहस्थिती, वय, जात, व्यवसाय, जन्मस्थान, भाषा, साक्षरता आणि अंधत्व, महारोग यांसारखी व्यंगे काळ्या शाईने भरून घेई. खरे काम हेच होते. प्रत्यक्ष रात्री, संध्याकाळी सातच्या सुमारास, तो तीच पत्रके घेऊन पुन्हा फेरी काढी, मधल्या काळात मेलेल्यांची व परगावी गेलेल्यांची नावे तांबड्या शाईने खोडी आणि नवजात बालके व पाहुणे यांची भर घाली. रात्र निवडताना चांदणे असावे, मोठी जत्रा किंवा लग्नाची दाट तिथी नसावी, हे पाहिले जाई. शेतावर राखणीला गेलेला माणूस घरीच मोजला जाई. धर्मशाळा आणि रेल्वेस्थानके यांच्यासाठी वेगळे प्रगणक असत; प्रवाशांना मोजल्याचा दाखला दिला जाई आणि पहाटे गाड्या थांबवून राहिलेल्यांची नोंद केली जाई. यावरून एक गोष्ट लक्षात ठेवावी: गावाचा आकडा हा त्या रात्री तेथे असलेल्यांचा आहे. कामासाठी मुंबईला किंवा अहमदाबादेला गेलेला गावकरी त्यात सापडणार नाही.

सर्वांत जास्त सावधगिरी वयाच्या रकान्याबाबत बाळगावी. जन्मतारीख ठाऊक असणारी माणसे थोडी असत. मग प्रगणक एखाद्या सर्वांना आठवणाऱ्या घटनेचा आधार घेई. संवत 1956 च्या (इ.स. 1899-1900) छप्पनिया दुष्काळात थोरला मुलगा पाळण्यात होता असे एखादी बाई 1911 साली सांगे, तेव्हा मुलाचे वय अकराच्या आसपास लावता येई. पण बाईचे स्वतःचे वय अंदाजानेच तीस लिहिले जाई. सयाजीराव महाराज 1875 मध्ये गादीवर आले तेव्हा आपण शाळेत होतो, असे म्हणणाऱ्याचे वय चाळीस की पंचेचाळीस, हा प्रगणकाच्या मर्जीचा प्रश्न होता. परिणाम असा की तीस, चाळीस, पन्नास अशा पूर्ण आकड्यांवर माणसांची गर्दी झालेली दिसते. पाच-पाच वर्षांच्या गटांत 30 ते 34 हा गट फुगतो आणि 35 ते 39 हा आकसतो. म्हणून दोन्ही एकत्र करून दहा वर्षांचा गट वापरावा.

स्त्रियांच्या नोंदीही तितक्याच जपून घ्याव्यात. बायकोचे नाव परक्या माणसाला सांगण्यास घरधनी तयार नसल्यास नावाच्या जागी नुसते ‘स्त्री’ लिहिण्याची मुभा होती. त्यामुळे मोजणी अडत नसे, मात्र बायकांबद्दलची सारी माहिती पुरुषाच्या तोंडून येई. व्यवसायाच्या रकान्यात घरच्या शेतात राबणारी बाई कमावती की आश्रित, हे त्याच्याच उत्तरावर ठरे.

साक्षरतेसाठी 1911 ची कसोटी ठरलेली होती: मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. जातीच्या रकान्यावर 1901 पासून वाद वाढले, कारण त्या वर्षी सेन्सस कमिशनर रिझ्ले यांनी जातींची सामाजिक उतरंड लावण्याचा प्रयत्न केला आणि ठिकठिकाणी ज्ञातिसभांनी वरच्या स्थानासाठी अर्ज केले. एखाद्या ज्ञातीची संख्या दोन गणनांमध्ये एकाएकी वाढलेली किंवा घटलेली दिसली, तर जन्म-मृत्यूकडे वळण्यापूर्वी नाव बदलले काय ते तपासावे.

1901 पासून पत्रकांवरून प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी तयार करून, धर्माप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या त्या चिठ्ठ्या खणांत वाटून मोजल्या जात. कोष्टके छापून झाल्यावर मूळ पत्रके जपून ठेवली जात नसत. आपल्या पणजोबांचे नाव त्यांत मिळेल ही आशा धरू नये. 1901 व 1911 च्या अहवालांत वय व विवाहस्थितीसाठी सातवे कोष्टक, भाषेसाठी दहावे, जन्मस्थानासाठी अकरावे आणि जातीसाठी तेरावे काढावे. बडोद्यातील मराठी घरांचा शोध घेणाऱ्याने दहावे आणि अकरावे एकत्र वाचावे, कारण दोन-तीन पिढ्या येथे राहिलेले मराठी कुटुंब भाषेच्या कोष्टकात दिसते, पण जन्मस्थानाच्या कोष्टकात ते स्थानिकांत मिसळून जाते.

संस्थानाच्या एकूण संख्येबाबत 1891 चे 24,15,396 आणि 1901 चे 19,52,692 हे दोन आकडे नेहमी जोडीने घ्यावेत. दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी झाली, आणि 1899-1900 च्या दुष्काळाला व त्यामागोमागच्या रोगराईला बाजूला ठेवून या घटीचा अर्थ लागत नाही. 1911 मध्ये 20,32,798 आणि 1921 मध्ये 21,26,522 अशी संख्या होती. 1891 चा आकडा ओलांडला गेला तो थेट 1931 मध्ये, 24,43,007 वर. कोणी 1901 हे आरंभवर्ष धरून पुढच्या वाढीचे कौतुक करीत असेल, तर त्याला एक दशक मागे नेऊन हिशेब दाखवावा.

शेवटी हद्दी. संस्थानाचा मुलूख सलग नव्हता. कडी, बडोदे, नवसारी आणि अमरेली हे प्रांत इंग्रजी जिल्ह्यांत व इतर संस्थानांत विखुरलेले होते. कडी प्रांत पुढे मेहसाणा या नावाने ओळखला जाऊ लागला. 1 मे 1949 रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाल्यावर जिल्ह्यांची नव्याने आखणी झाली, म्हणून 1931 चा बडोदे प्रांत आणि 1951 चा बडोदे जिल्हा यांचे आकडे एकाखाली एक मांडू नयेत. तुलना हवीच असेल, तर तालुक्यांची किंवा गावांची यादी घेऊन दोन्ही वर्षांत सामाईक असलेल्या गावांचीच बेरीज करावी.