विकलन बरोबर, उत्तर मात्र भलतंच: अर्थशास्त्रातल्या गणितात या चुका टाळा

नौपाड्यात संध्याकाळच्या बॅचला अर्थशास्त्रातलं गणित शिकवते. वही तपासताना मी आधी शेवटची ओळ वाचते, मग पहिली. मधल्या ओळी बहुधा बरोबरच निघतात. विकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, बारावीत घोटून झालेलं असतं. घोटाळा होतो तो शब्दांतून समीकरणात शिरताना आणि समीकरणातून पुन्हा शब्दांत येताना.

एकच उदाहरण घेऊ. ठाणे स्टेशनबाहेर वडापावचा एक गाळा आहे. त्याची रोजची मागणी अशी धरा: नग = ६०० − २० × किंमत. आकडे हिशोब सोपा जावा म्हणून घेतलेत, गाळेवाल्याला विचारायला जाऊ नका.

उताराला लवचिकता म्हणणं. किंमत १८ रुपये असताना मागणीची लवचिकता किती? निम्मा वर्ग लिहितो, उणे २०. ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं आहे. उणे २० हा उतार झाला: किंमत एक रुपयाने वाढली की खप २० नगांनी घटतो. लवचिकता म्हणजे टक्क्याला टक्का: किंमत एक टक्क्याने बदलली की खप किती टक्क्यांनी बदलतो. १८ रुपयांना २४० नग खपतात, म्हणून उणे २० गुणिले १८ भागिले २४०, म्हणजे उणे १.५.

शंका असेल तर एककं बदलून बघा. नगांऐवजी डझनात मोजलंत तर उतार बारापट लहान होतो, लवचिकता तशीच राहते. एकक बदलल्यावर तुमचं उत्तर बदललं, तर ती लवचिकता नव्हेच. आणि सरळ रेषेवरही ती जागोजागी वेगळी असते. १२ रुपयांना उणे ०.६७, १५ रुपयांना बरोबर उणे १. म्हणूनच १२ आणि १८, दोन्ही किमतींना गल्ला ४३२० रुपयेच भरतो आणि १५ रुपयांना ४५००.

यात आलेखही घोळ घालतो. शाळेत सवय असते की ज्याच्यावर सगळं अवलंबून ते आडव्या अक्षावर. अर्थशास्त्रात किंमत उभ्या अक्षावर बसते. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथानंतर ही पद्धत रुळली, ती आजही बहुतेक पुस्तकांत टिकून आहे. म्हणजे पुस्तकातल्या आकृतीवर दिसणारा उतार हा तुमच्या समीकरणातल्या उताराचा व्यस्त असतो, उणे २० नव्हे तर उणे एक विसांश. आकृतीवरून थेट आकडा उचललात की फसलात.

सीमांत प्राप्तीलाच किंमत समजणं. माझ्या मते ही सगळ्यांत महागडी चूक, कारण सगळं बरोबर करून शेवटच्या ओळीत गुण जातात. एका वड्याला ८ रुपये खर्च आणि गाळ्याचं भाडं दिवसाला ५०० धरा. जास्तीत जास्त नफ्यासाठी किंमत किती? मुलं समीकरण उलटं करतात: किंमत = ३० − नग ÷ २०. मग सीमांत प्राप्ती, म्हणजे आणखी एक नग विकल्याने गल्ल्यात पडणारी भर = ३० − नग ÷ १०. ती ८ शी जुळवली की नग येतात २२०. इथवर सुंदर. आणि मग हे २२० पुन्हा सीमांत प्राप्तीच्याच सूत्रात घालतात आणि लिहितात, किंमत ८ रुपये! म्हणजे वडापाव निव्वळ खर्चाच्या भावात, भाडं खिशातून. नग मागणीच्या समीकरणात घालायचे असतात. किंमत येते १९ आणि नफा ११ × २२० − ५०० = १९२० रुपये. गल्ला १५ रुपयांना सर्वांत मोठा होता, पण तिथे नफा १६००च. गल्ला आणि नफा यांची शिखरं वेगवेगळी, हे लक्षात असू द्या.

भाडं वाढलं की किंमत वाढवणं. भाडं ५०० चं ७०० झालं, आता किंमत किती? गणित सांगतं, १९ च. स्थिर खर्च विकलनात उडून जातो. नफा १७२० वर येतो, इतकंच. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, "पण मॅडम, खरं तर भाडी वाढली की भाव वाढतातच की!" बरोबर आहे. सगळ्याच गाळ्यांची भाडी वाढली, त्यांतले दोन बंद पडले, तर उरलेल्यांकडे गिऱ्हाईक वाढतं, म्हणजे मागणीची रेषाच सरकते. तो वेगळा प्रश्न, त्याचं समीकरण वेगळं. आणि भाडं २४२० च्या वर गेलं, तर किती किंमत लावू हा प्रश्नच संपतो. गाळा ठेवू की सोडू हा सुरू होतो. विकलन त्याचं उत्तर देत नाही, शून्य नफ्याशी तुलना करून बघावी लागते.

किंमत ३५ धरून खप उणे १०० आला आणि तो तसाच पुढे नेला, अशाही वह्या मी पाहिल्या आहेत. ३० रुपयांच्या वर खप शून्य, हे समीकरणाशेजारीच लिहून ठेवा.

लाग्रांज पद्धत अडकली की स्वतःला दोष देणं. ठरलेल्या पैशांत जास्तीत जास्त समाधान कसं मिळेल, हे शोधायची ही रीत. घोडबंदर रोडवरून स्टेशनला यायचं आहे. बसचं तिकीट २० आणि शेअर रिक्षा ४० धरा, आणि या माणसाला दोन्हींतलं काहीही सारखंच चालतं. लाग्रांज मांडला तर लॅम्डा, म्हणजे एका जादा रुपयाने वाढणारं समाधान, एक समीकरण एक विसांश सांगतं, दुसरं एक चाळीसांश. मुलं चार-चारदा आकडेमोड तपासतात. चूक आकडेमोडीत नाहीच! दोन वस्तू पूर्णपणे एकमेकींच्या जागी चालत असतील, तर उत्तर कोपऱ्यात असतं: सगळे पैसे बसवर. लाग्रांजची साधी पद्धत आतला बिंदू शोधते, म्हणजे दोन्ही वस्तू थोड्या थोड्या घेणारं उत्तर, आणि इथे आतला बिंदू नाही. परस्परविरोधी समीकरणं आली किंवा एखादी वस्तू ऋण आली, की आधी दोन्ही कोपरे तपासा.

टक्क्यांचं थोडक्यात. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ही वाढ अडीचशे बेसिस पॉइंटची (एक बेसिस पॉइंट म्हणजे टक्का-अंशाचा शंभरावा भाग). टक्क्यांत मोजली तर साडेबासष्ट टक्क्यांची. "अडीच टक्क्यांनी वाढला" असं लिहिलंत तर ४ चे ४.१ होतात.

बाजारातले ठिपके जोडून मागणीची रेषा म्हणणं. प्रकल्पासाठी मुलं हमखास वाशीच्या एपीएमसीतला, म्हणजे घाऊक बाजारातला, कांदा निवडतात. रोजची आवक, रोजचा भाव, संगणकावर रेषा बसवली की झालं. पहिली ठेच एककांची: लासलगावचा भाव क्विंटलचा, आपल्या नाक्यावरचा किलोचा. १८०० आणि ४० शेजारी मांडून "ठाण्यात कांदा स्वस्त" असा निष्कर्ष मी वाचलेला आहे. १८०० म्हणजे किलोला १८, बाबांनो.

खरी चूक त्यापुढची. एका प्रकल्पात आवक वाढताना भावही वाढलेला दिसला आणि मुलीने लिहिलं, मागणीचा नियम कांद्याला लागू नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे त्या दिवशीच्या मागणी आणि पुरवठ्याचा छेद. दोन्ही रेषा हलत असतील, तर ठिपके जोडून ना ही रेषा मिळते ना ती. सणासुदीला मागणी सरकली, चढा भाव बघून व्यापाऱ्यांनी माल काढला, आणि दोन्ही आकडे एकत्र वर गेले. अमेरिकी अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी १९२८ मध्ये तेलांवरच्या आयातशुल्काचा अभ्यास करताना यावर वाट दाखवली: फक्त पुरवठा हलवणारं काहीतरी शोधा. आपल्यासाठी नाशिक पट्ट्यातला अवकाळी पाऊस. त्याने आवक घटते, ठाण्यातल्या घराघरांतली कांद्याची गरज बदलत नाही. म्हणून पावसामुळे आवकेत जेवढा फरक पडला, तेवढ्याच फरकासोबत भाव किती हलला ते पाहायचं.

हे सांगितल्यावर तीच मुलगी म्हणाली, "पण मॅडम, भिजलेला कांदा लोक कमी घेतात ना?" तिची आजी भाजी विकते. मग आम्ही ओल्या मालाचा भाव वेगळ्या रकान्यात घेतला आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडला.