परदेशात समुद्राकाठी योगा रिट्रीट बुक करताय? या चुका टाळा

आफ्रिकेजवळच्या झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर मी योगा रिट्रीटला, म्हणजे तिथेच राहून योगा करायच्या सुट्टीला, आठ दिवस राहिले आणि समुद्रात नीट पोहायला मिळालं ते फक्त शेवटचे दोन दिवस. खोलीतून समुद्र दिसायचा, फोटोत होता तसाच निळाशार, पण सकाळचा क्लास आणि नाश्ता उरकून किनाऱ्यावर जावं तर पाणी पार लांब गेलेलं, मध्ये नुसती ओली वाळू आणि शेवाळ, आणि संध्याकाळी पाणी परत येईपर्यंत आमचा दुसरा क्लास सुरू झालेला. शिक्षिका फार छान होती, योगा मनासारखा झाला, त्याबद्दल काहीच तक्रार नाही. पण मी गेले होते ते दोन्हीसाठी, आणि समुद्राबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी हेच सांगते, योगाची चौकशी वेगळी करा आणि समुद्राची वेगळी. जाहिरातीत दोन्ही एकाच फोटोत असतं म्हणून आपण एकच गोष्ट समजून पैसे भरतो.

समुद्राबद्दल होणाऱ्या चुका

भरती-ओहोटीचंच आधी सांगते. त्या पूर्व किनाऱ्यावर, म्हणजे पाजे, जांबियानी वगैरे गावांकडे, तळ इतका सपाट आहे की ओहोटीला पाणी खूप आत जातं आणि पोहणं फक्त भरतीला जमतं. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणजे पहिल्या दिवशी सकाळी १० ला असेल तर सातव्या दिवशी तीच दुपारी ३ च्या आसपास येते. कुठल्याही किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक नेटवर आधीच मिळतं, ते उघडायचं आणि रिट्रीटच्या टाइमटेबलशेजारी ठेवून बघायचं, पाच मिनिटांचं काम आहे आणि सगळी सुट्टी वाचते.

दुसरी चूक म्हणजे देशाचा सीझन बघणं आणि किनाऱ्याचा न बघणं. ही तर इतके जण करतात! श्रीलंकेत डिसेंबर ते मार्च दक्षिण आणि पश्चिम किनारा मस्त असतो, पण तेव्हा पूर्वेला अरुगम बे गाठलंत तर तिथला सीझन नसतो, तिकडे साधारण मे ते सप्टेंबर चांगले. थायलंडमध्येही तसंच, फुकेत-क्राबीच्या बाजूला पाऊस मे ते ऑक्टोबर, तर को सामुई आणि को फांगानला सगळ्यात जोराचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, त्यातही नोव्हेंबर जास्त. कोस्टारिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, नोसारा किंवा सांता तेरेसाला, सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात ओले. कॅरिबियनकडे चक्रीवादळांचा अधिकृत सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. आणि मेक्सिकोतलं तुलुम आवडत असेल तर सारगॅसम शोधून बघा, हे तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून तिकडच्या किनाऱ्यांवर ढिगाने यायला लागलंय, जास्त करून वसंत आणि उन्हाळ्यात, आणि सडलं की घाण वास येतो. ऑफ सीझनमध्ये डिस्काउंट का मिळतोय ते कुणी आपणहून सांगत नाही, आपणच विचारायचं.

पोर्तुगालबद्दलही एक गैरसमज फार आहे. ऊन असतं, आकाश निळं असतं, आणि पाणी अटलांटिकचं, थंडगार, एरिसेराच्या बाजूला भर उन्हाळ्यातही पाण्यात पाऊल टाकलं की अंग आखडतं, शिवाय दुपारनंतर उत्तरेचा वारा सुटतो. ग्रीसच्या एजियन बेटांवर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा जोरदार वारा असतो, उघड्या डेकवर क्लास असेल तर शिक्षकाचा आवाजही नीट पोचत नाही. सर्फ आणि योगा एकत्र असलेल्या जागी हेही लक्षात घ्या की जी लाट सर्फिंगला उत्तम ती साध्या पोहणाऱ्याला बऱ्याचदा धोक्याची असते.

आणि नकाशा! बाली म्हटलं की समुद्र डोळ्यापुढे येतो, पण बालीतलं योगासाठी सगळ्यात गाजलेलं उबुद समुद्रावर नाहीच, ते आत भातशेतीत आहे. जागा सुंदरच आहे, पण समुद्र हवा असेल तर ती चुकीची. "बीचपासून काही मिनिटं" असं लिहिलेलं असेल तर ती मिनिटं चालत की गाडीने, मध्ये हायवे आहे का, हे सॅटेलाइट व्ह्यूमध्ये स्वतः बघा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून असेल तर समुद्रातून उगवणारा सूर्य बघत सूर्यनमस्कार होणार नाहीत, तिथे सूर्यास्त मिळेल, तेव्हा तुमच्या मनात जे चित्र आहे ते नकाशावर शक्य आहे का तेवढं तपासा.

योगाबद्दल होणाऱ्या चुका

फोटोआधी दिवसाचं टाइमटेबल मागा. किती क्लास, किती तासांचे, कुठल्या प्रकारचे, मोकळा वेळ किती, मौनाचे तास आहेत का. ज्याला आराम हवाय तो अष्टांगच्या मैसूर पद्धतीच्या रिट्रीटला गेला तर पहाटे उठून आपापली ठरलेली मालिका घामाघूम होईपर्यंत करावी लागते, शिक्षक एकेकाजवळ येऊन सुधारतात, सगळ्यांना मिळून सूचना देत नाहीत. नवख्या माणसाला त्यात हरवल्यासारखं होतं. उलट ज्याला घाम गाळायचाय त्याला यिन योगामध्ये एकेका आसनात तीन-पाच मिनिटं पडून राहणं जड जातं. दोन्ही चांगलेच, पण तुम्हाला यावेळी काय हवंय? आणि २०० तासांच्या टीचर ट्रेनिंगला सुट्टी समजून जाऊ नका, ते साधारण तीन-चार आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतं, अभ्यास आणि परीक्षेसकट.

शिक्षक कोण ते नावानिशी विचारा, कारण बऱ्याच ठिकाणी जागा एकाची असते आणि दर आठवड्याला पाहुणा शिक्षक वेगळा. योगा अलायन्स ही अमेरिकेतली संस्था १९९९ मध्ये सुरू झाली, तिच्याकडची नोंदणी म्हणजे ठरावीक तासांचं ट्रेनिंग झालंय एवढंच कळतं. २०० तासवाला कालच कोर्स करून आलेला असू शकतो, तेच ई-आरवायटी ५०० (तिथलीच अनुभवी शिक्षकांची नोंदणी) असेल तर किमान २००० तास शिकवलेलं असतं. माझ्या मते त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुमच्या दुखण्याबद्दल मेल केल्यावर उत्तर कसं येतं. "काही प्रॉब्लेम नाही, या" एवढंच आलं तर मी तरी थांबेन. "कुठला गुडघा, ऑपरेशन कधी झालं, कुठल्या आसनात दुखतं" असं उलट विचारलं तर ती माणसं बरी.

वाळूवरचा योगा फोटोत फार छान दिसतो पण वाळूत तळवा खचतो, मनगट वाकडं होतं, एका पायावरचं कुठलंच आसन धड होत नाही. एखाद्या दिवशी मजा म्हणून ठीक, रोजचा क्लास लाकडी किंवा पक्क्या जमिनीवर, छताखाली असावा.

शरीराच्या बाबतीत हे अजिबात करू नका

हे जरा नीट वाचा कारण इथे जीवावर बेतू शकतं. भस्त्रिका, कपालभातीसारखे जोराच्या श्वासाचे प्रकार करून लगेच पाण्यात उतरून श्वास रोखून डुबकी मारायची नाही. जोरजोरात श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, आणि श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः त्याच्या वाढण्यामुळे. मग ऑक्सिजन संपत आला तरी कळत नाही आणि माणूस पाण्याखाली काही न जाणवता बेशुद्ध होतो, पट्टीचे पोहणारेसुद्धा असे गेलेत.

काचबिंदू असेल तर शीर्षासन आणि डोकं खाली जाणारी आसनं नकोत, डोळ्यातला दाब वाढतो, आणि बीपी वाढलेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. हॉट योगा, म्हणजे तापवलेल्या खोलीतला योगा, दिवसभर उन्हात राहिल्यावर करू नका. स्कूबा डायव्हिंग पॅकेजमध्ये असेल तर बऱ्याच डाइव्हनंतर विमानाआधी किमान १८ तास सोडायचे, म्हणजे शेवटचा दिवस कोरडा ठेवा. डेंग्यूचा डास सकाळी लवकर आणि सूर्यास्ताआधी जास्त चावतो, नेमक्या क्लासच्या वेळा, तेव्हा मॅटवर बसण्याआधी मलम लावा. थायलंडच्या आखातात बॉक्स जेलीफिश असतात, तिथे किनाऱ्यावर त्यांच्या डंखावर ओतायची व्हिनेगरची बाटली कुठे ठेवलीये ते पहिल्याच दिवशी बघून ठेवा.

बुकिंगचं थोडक्यात

डिपॉझिट परत मिळतं का आणि पुरेशी माणसं नाही जमली तर काय, हे लेखी घ्या, आणि ते येईपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका. पासपोर्ट परतीनंतर सहा महिने चालू असावा, बरेच देश तेवढं मागतात. एअरपोर्टपासूनचा प्रवास धरा, अरुगम बे कोलंबोच्या विमानतळापासून रस्त्याने सात-आठ तास आहे, को फांगानला तर विमानतळच नाही, फेरी पकडावी लागते. बालीत न्येपीच्या, म्हणजे तिथल्या हिंदूंच्या मौनाच्या सणाच्या, दिवशी विमानतळ २४ तास बंद असतो, मार्चच्या आसपास जाताना तारीख बघा. स्कूटर चालवणार असाल तर दुचाकीचं लायसन्स नसताना अपघात झाला की इन्शुरन्स बहुतेक वेळा हात वर करतो.

पोचलात आणि काहीतरी बिघडलंच तर

क्लास झेपत नसेल तर दुसऱ्याच दिवशी शिक्षकाला एकट्याला गाठून सांगा, शेवटच्या दिवशीच्या फीडबॅक फॉर्ममध्ये लिहून तुम्हाला काय मिळणार? सगळे क्लास करायलाच हवेत असं नसतं, एक सोडून समुद्रावर जा. खोली वेगळीच दिली तर सामान उघडण्याआधी फोटो काढून ऑफिसला दाखवा, एकदा राहायला लागलात की बदलणं अवघड.

पाण्यात अनोळखी किनाऱ्यावर एकट्याने उतरू नका. लाल झेंडा असेल तर अजिबात नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागावर लाइफगार्डचं लक्ष असतं, तिथेच पोहा. आत ओढलं जातंय असं वाटलं तर किनाऱ्याकडे सरळ पोहायची झटापट करू नका, त्यातच माणूस दमतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या बाहेर या, ताकद नसेल तर पाठीवर तरंगत राहा आणि एक हात वर करून हाका मारा.