माल्टाला जाताय? या चुका टाळा

माल्टा म्हणजे ऊन आणि निळंशार पाणी, एवढंच डोक्यात ठेवून बहुतेक जण बुकिंग करतात. मग तिथे पोहोचल्यावर हायपोजियमचं नाव कळतं आणि तिकीट मिळत नाही. सगळ्यात जास्त हळहळ याच चुकीची लागते.

पाओला गावातल्या घरांच्या खाली, खडकात तीन मजले खोल कोरलेलं हे दफनस्थळ पाच हजार वर्षांपूर्वीचं आहे. ते उजेडात आलं 1902 साली, पाण्याची टाकी खणताना. छतावरची गेरूची नक्षी अजून टिकून आहे, पण आपल्या श्वासातल्या ओलाव्यानं तीही खराब होते. म्हणून दिवसाला जेमतेम 80 जणांना, दहा-दहाच्या गटानं आत सोडतात. तारखा ठरल्या की विमानाच्याही आधी हे तिकीट बघा. नाहीच मिळालं, तर समुद्रावरच्या कड्याजवळची हाजर ईम आणि म्नाय्द्रा ही मंदिरं सोडू नका. फक्त भर दुपारी जाऊ नका. दोन्हींच्या मधल्या वाटेवर सावली नाही.

दुसरी गडबड प्लगची. 1964 पर्यंत इथे इंग्रजांचं राज्य होतं, त्यामुळे तीन चपट्या पिनांचा ब्रिटिश अडॅप्टर लागतो. युरोपचा गोल दोन पिनांचा चालत नाही. गाड्याही आपल्यासारख्या डावीकडून. व्हिसा मात्र युरोपचा, शेंगेन. ब्रिटनच्या व्हिसावर जाता येत नाही.

राजधानी व्हॅलेटासाठी रविवार ठेवू नका. सेंट जॉन को-कॅथीड्रल त्या दिवशी पर्यटकांना बंद असतं, आणि इटालियन चित्रकार कॅराव्हॅजिओनं 1608 साली रंगवलेलं, त्याची सही असलेलं एकमेव चित्र तिथेच आहे. ज्या दालनात ते लावलंय, तिथेच त्याच वर्षी त्याला, तेव्हा माल्टावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या संघातून काढून टाकलं गेलं. चित्रासमोर निवांत उभं राहायला वेळ ठेवा. खांदे झाकलेले हवेत आणि टोकदार टाचांच्या चपला नकोत. पायाखाली सरदारांच्या संगमरवरी समाध्या आहेत.

बसच्या पाट्या इंग्रजीसारख्या वाचल्या की थांबा चुकतो. एक्स म्हणजे ‘श’: मार्साश्लोक, श्लेंदी ही गावं. लिपी रोमन, पण भाषेचं मूळ अरबी. पुस्तकाला तिथे ‘क्तिएब’ म्हणतात, आपल्या ‘किताब’चंच भावंडं.

शेजारच्या गोझो बेटावर जुने फोटो पाहून दगडी कमान शोधत फिरू नका, ती मार्च 2017 मध्ये वादळात कोसळली. तो वेळ तिथल्याच ज्गंतीयाच्या मंदिरांना द्या. ती इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत.