शॉर्टवेव्ह लावायच्या आधी घर शांत करा : पहिल्या संध्याकाळची तयारी

गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी हौसेने शॉर्टवेव्हचा, म्हणजे हजारो किलोमीटरवरची स्टेशनं पकडणारा, रेडिओ घेतला आणि महिन्याभरात तो कपाटात गेला, आणि का हो विचारलं की उत्तर एकच, नुसती खरखर येते, काही लागतच नाही, आता शॉर्टवेव्हवर उरलंय तरी काय. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेकांच्या रेडिओत काहीच खोट नव्हती, त्यांनी फक्त संध्याकाळी सात वाजता हॉलमध्ये टीव्हीशेजारी बसून चार्जर लावलेल्या रेडिओचा डायल फिरवला आणि ती खरखर त्यांच्याच घरातल्या वस्तूंची होती. म्हणून ही तयारीची यादी लिहून काढतोय, आणि यादीत रेडिओ मुद्दामच मागे ठेवलाय, आधी घर, मग घड्याळ, मग वायर, मग रेडिओ.

तर घर. जो कुठला रेडिओ हाताशी असेल, अगदी आजोबांचा जुना ट्रान्झिस्टरसुद्धा चालेल, त्यात सेल घाला, चार्जर किंवा ॲडॅप्टर लावू नका, अँटेना पूर्ण ओढा आणि शॉर्टवेव्हवर जिथे कुठलंच स्टेशन नाही अशा रिकाम्या जागी लावून घरभर फिरा. दोन पावलांवर आवाज बदलताना कळेल. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, इंडक्शनची शेगडी, या प्रत्येकाची खरखर वेगळी असते, कुणाची घूंऽऽ अशी सलग, कुणाची टकटक, कुणाची दर अर्ध्या सेकंदाला फर्रर्र. आमच्याकडे ९ ते १० मेगाहर्ट्झच्या मध्ये एक जाड भुणभुण यायची, संध्याकाळी सुरू आणि रात्री अकराला बंद, मी कित्येक दिवस ती बाहेरून कुठून तरी येते असंच धरून चाललो होतो. मग एकदा रेडिओ छातीशी धरून पॅसेजमध्ये गेलो तर देवघरावरच्या छोट्या एलईडी बल्बपाशी आवाज एवढा वाढला की बोलणं ऐकू येईना, बल्ब काढला आणि त्याच जागी मागे कुणीतरी बाई चिनी भाषेत बातम्या वाचत होती, म्हणजे ते स्टेशन इतके दिवस तिथेच होतं. बल्ब बदलला, प्रश्न मिटला.

फिरून सापडलं नाही तर घरच्यांना सांगून पाच मिनिटं मेन स्विच पाडा. रेडिओ सेलवर चालू असतोच, आवाज एकदम गेला तर चोर घरात आहे, मग एकेक एमसीबी वर करत जा आणि कुठल्या लाईनला आवाज परत येतो ते बघा. तरीही गेला नाही तर शेजारी किंवा रस्त्यावरच्या खांबावर काहीतरी आहे, तिथे तुमचा इलाज मर्यादित, मग खोली बदला. आरसीसीची इमारत आणि खिडक्यांना लोखंडी ग्रिल असेल तर आतल्या खोलीत सिग्नल फारसा पोचतच नाही, गॅलरी, खिडकीची कड किंवा गच्ची हीच बसायची जागा. गच्चीत तर नुसत्या रेडिओच्या अँटेनावरसुद्धा फरक कळतो, पहिल्यांदा जमलं तर गच्चीतच बसा.

आता घड्याळ. शॉर्टवेव्हची सगळी वेळापत्रकं यूटीसीत, म्हणजे सगळ्या जगाच्या एकाच प्रमाण वेळेत, असतात आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे १३०० यूटीसी म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा, १६०० म्हणजे रात्रीचे साडेनऊ. दरवेळी मनात हिशोब करत बसू नका, एक स्वस्तातलं घड्याळ घ्या, साडेपाच तास मागे लावा आणि रेडिओशेजारी ठेवा, एवढ्या एका गोष्टीने निम्मा गोंधळ संपतो. आणि एक, सकाळी साडेपाचच्या आधी यूटीसीची तारीख कालचीच असते, वहीत नोंद करताना हे हमखास चुकतं.

घड्याळाचा दुसरा अर्थ म्हणजे दिवसाची कुठली वेळ आणि कुठला बँड, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा कुठला पट्टा, आणि इथे जरा थांबून समजून घ्या कारण एकदा हे डोक्यात बसलं की डायल आंधळेपणाने फिरवावा लागत नाही. शॉर्टवेव्हचा सिग्नल वर जाऊन आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणातल्या खूप उंचावरच्या विद्युतभारित थरांवरून, खाली परत येतो म्हणून हजारो किलोमीटर जातो. दिवसा सूर्यामुळे त्यातलाच सगळ्यात खालचा डी थर तयार होतो आणि तो कमी फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, म्हणून भर दुपारी ४९ मीटरवर दूरचं काही शोधत बसण्यात अर्थ नाही, दुपारी वर जायचं, १९ मीटर, १६ मीटर, कधी १३ मीटर. सूर्य मावळला की डी थर विरतो आणि खालचे बँड जिवंत होतात, २५, ३१, ४१ आणि मग ४९ मीटर. मीटर आणि मेगाहर्ट्झ यांचं गणित सोपं आहे, ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, साडेनऊ मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण ३१ मीटर. जुन्या मंडळींना हे पाठ असायचं, रेडिओ सिलोनचे निवेदक सारखे मीटर बँड सांगायचे ना. तुम्ही एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा, ४९ मीटर म्हणजे ५९०० ते ६२०० किलोहर्ट्झ, ४१ म्हणजे ७२०० ते ७४५०, ३१ म्हणजे ९४०० ते ९९००, २५ म्हणजे ११६०० ते १२१००, १९ म्हणजे १५१०० ते १५८००, १६ म्हणजे १७४८० ते १७९००, थोडंफार इकडेतिकडे स्टेशनं असतात पण गर्दी इथेच. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपासचा अर्धा-पाऊण तास सगळ्यात मजेशीर, त्या वेळात जे लागतं ते नंतर दिवसभर लागत नाही, नव्या माणसाने निदान एकदा तरी पहाटे उठून ऐकावंच.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, उन्हाळी हंगामाला ए आणि हिवाळीला बी म्हणतात. म्हणजे कुणी तुम्हाला जुना तक्ता पाठवला तर आधी तो कुठल्या हंगामाचा आहे ते बघा. मी तर शॉर्टवेव्ह डॉट इन्फो (short-wave.info) आणि आयबी (EiBi) या इंटरनेटवरच्या दोन याद्यांवर भागवतो, त्यात फ्रिक्वेन्सी टाकली की आत्ता तिथे कोण, कुठल्या भाषेत आणि कुठून बोलतंय ते निघतं.

मग वायर. रेडिओची ओढायची अँटेना सुरुवातीला पुरते पण सात-आठ मीटर तांब्याची वायर लावली की कान उघडतात. महाग काही लागत नाही, इलेक्ट्रिकच्या दुकानातली पाऊण एमएमची साधी वायर चालते, नाहीतर मोटर रिवायंडिंगवाल्याकडून वाइंडिंग वायर घ्या, फक्त तिच्यावर इनॅमलचा थर असतो तो टोकाला दोन इंच पॉलिश पेपरने घासून काढा, तांबं लालसर चमकायला लागेपर्यंत, नाहीतर क्लिप लावूनही काही उपयोग नाही. दुसरं टोक नायलॉनच्या दोरीने बांधा, वायर भिंतीला किंवा ग्रिलला टेकू देऊ नका, खिडकीतून आत आणताना बाहेरच्या बाजूला एक खालचा झोल ठेवा म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकतं, आत येत नाही. आतलं टोक क्रोकोडाइल क्लिपने अँटेनाला. विजेच्या तारांच्या वरून, खालून, शेजारून कुठूनही वायर न्यायची नाही, दोरी तुटली तरी ती तारेवर पडणार नाही एवढं अंतर आधी डोळ्याने मोजा, यात हयगय नको.

आणि वीज. मे महिन्यात वळवाचं वातावरण होतं, ढग लांब होते, आमच्याकडे थेंबही पडला नव्हता, मी वायर लावलेली तशीच ठेवून जेवायला गेलो. परत आलो तर मीडियम वेव्ह ठणठणीत आणि शॉर्टवेव्ह मुकं. मीडियम वेव्हला आतली फेराइटची कांडी असते म्हणून ती वाचली आणि शॉर्टवेव्हच्या अँटेनालगतचा नाजूक ट्रान्झिस्टर गेला, वायरवर जमलेल्या चार्जनेच, वीज पडायची गरजच नसते. तो रेडिओ वडिलांनी घेऊन दिलेला होता. तेव्हापासून मार्च ते ऑक्टोबर ऐकणं संपलं की क्लिप काढतो आणि वायरचं टोक खिडकीबाहेर टाकतो, तुम्हीही पहिल्या दिवसापासून ही सवय लावा. गडगडाट ऐकू आला तर तेव्हा वायरला हात लावायचा नाही, ते काम आधीच झालेलं पाहिजे.

रेडिओ कुठला हे आत्ता सांगतो. आकड्यांत फ्रिक्वेन्सी दाखवणारा आणि एसएसबी, म्हणजे विमानांची आणि हौशी रेडिओवाल्यांची बोलणी उलगडायची सोय, असलेला घ्या, टेकसनचा पीएल-३३० किंवा एक्सएचडेटाचा डी-८०८ असे हातात मावणारे सेट नव्या माणसाला भरपूर झाले, पहिल्यात मोबाईलची जुनी बीएल-५सी बॅटरी बसते, दुसऱ्यात १८६५० चा सेल, दोन्ही मिळतात, एक जास्तीचा चार्ज करून ठेवा कारण चार्जिंग करता करता ऐकायचं नाही. स्वस्तातल्या काट्याच्या सेटवर काही होत नाही असं नाही, पण त्यात एकच स्टेशन दोन जागी लागतं, खऱ्या जागी आणि तिथून ९१० किलोहर्ट्झ खाली, आणि नवा माणूस नेमकी खोटी जागा वहीत लिहितो. वायर लावल्यावर सगळीकडे एकच स्टेशन पसरल्यासारखं वाटलं तर सिग्नल जास्त होतोय, लोकल (जवळचं) आणि डीएक्स (दूरचं) असं बटण असेल तर ते लोकलवर करा किंवा क्लिप काढून वायर नुसती अँटेनाजवळ ठेवा. बँडविड्थ, म्हणजे एका वेळी किती रुंद पट्टा ऐकायचा ते, बदलता येत असेल तर स्टेशनांच्या गर्दीत अरुंद, मोकळ्यात रुंद. इयरफोन घ्याच, खोल गेलेला आवाज स्पीकरवर कळत नाही आणि घरच्यांची झोपही मोडत नाही.

पहिल्या संध्याकाळी आधी मीडियम वेव्हवर हात बसवा, पुणे ७९२, मुंबई ५५८, नागपूर ५८५ किलोहर्ट्झ, यातलं जे जवळ असेल ते लावून रेडिओ गोल फिरवा, कुठल्या दिशेला आवाज बसतो ते बघा. मग शॉर्टवेव्हवर ३१ मीटरला या आणि पाच-पाच किलोहर्ट्झने सरका, प्रसारणाची स्टेशनं बहुतेक पाचच्या पटीतच असतात. घाई करू नका, प्रत्येक आवाजावर दोन मिनिटं थांबा, कारण आवाज लाटेसारखा वर येतो आणि खाली जातो, तो खाली असताना पुढे गेलात तर हुकलं. चायना रेडिओ इंटरनॅशनल सगळ्यात आधी सापडेल, हिंदीतही, मग धीर धरला तर जपान, व्हिएतनाम, तुर्कस्तान, रोमानिया. तासाला किंवा अर्ध्या तासाला दोन मिनिटं कमी असताना थांबलात तर स्टेशनची धून आणि नाव मिळतं, आपल्या आकाशवाणीची ती १९३६ ची वॉल्टर कॉफमन यांची धून शॉर्टवेव्हवरच्या खरखरीतून हळूहळू वर येते तेव्हा अंगावर काटा येतो. मधेच एखादी सलग, सपाट फुसफुस आठ-दहा किलोहर्ट्झ रुंद लागली तर रेडिओ बिघडला समजू नका, ते डीआरएमचं डिजिटल प्रसारण असतं, साध्या सेटला ते उलगडत नाही. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली, रेडिओ ऑस्ट्रेलियाची ३१ जानेवारी २०१७ ला, त्या शोधत बसू नका, मला स्वतःला त्या जागा रिकाम्या ऐकताना अजून जड जातं.

एसएसबीचा सराव मुंबईवरच करा. विमानांना हवामान सांगणारं मुंबईचं व्होलमेट रात्री ६६७६ आणि दिवसा ११३८७ किलोहर्ट्झवर यूएसबीत (हा एसएसबीचा एक प्रकार, मोबाईलच्या यूएसबीशी संबंध नाही) असतं, तासाच्या २५ आणि ५५ व्या मिनिटाला, पाच मिनिटं, आणि साडेपाच तासांच्या फरकामुळे आपल्या घड्याळातही मिनिटं तीच राहतात. यूएसबी लावा आणि बारीक ट्यूनिंगने हळूहळू सरका, आधी बदकासारखा क्वॅकक्वॅक आवाज येईल, मग एका जागी एकदम माणसाचा आवाज होईल आणि विमानतळांची नावं, वारा, दृश्यमानता, तापमान असं एकापाठोपाठ ऐकू येईल. ती जागा बोटांना कळली की सकाळी ७००० ते ७२०० मध्ये एलएसबी (एसएसबीचा दुसरा प्रकार) लावून हॅम मंडळी, म्हणजे परवाना घेतलेले हौशी रेडिओवाले, शोधा, व्हीयू-२ आणि व्हीयू-३ ने सुरू होणारी कॉलसाईन आपल्या देशातली, कधीकधी चक्क मराठीत गप्पा चाललेल्या असतात. १०००० किलोहर्ट्झवर चीनचा बीपीएम हा वेळेचा टिकटिक सिग्नल लागला तर ते यूटीसीचं घड्याळ त्यावर जुळवून घ्या.

शेवटची वस्तू म्हणजे शंभर पानी वही आणि दोरीने बांधलेलं पेन. तारीख, यूटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, भाषा, आणि सिनपोचे पाच आकडे, म्हणजे सिग्नलची ताकद, दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, खरखर, आवाजाची चढउतार आणि एकूण कसं, प्रत्येकाला १ ते ५, पाच म्हणजे उत्तम. ५५५५५ सगळ्यांना देत सुटू नका, रोमानियाला ३४२३३ असेल तर तेच लिहा, स्टेशनवाल्यांना तुम्ही पाठवलेला खरा रिपोर्टच उपयोगी पडतो. काय ऐकलं याचे दोन-तीन ठोस तपशील टिपा, बातमीत कुठल्या शहराचं नाव आलं, कुठलं गाणं लावलं, त्याशिवाय क्यूएसएल कार्ड, म्हणजे तुम्ही त्यांना ऐकलंत याची स्टेशनकडून येणारी पोच, मागता येत नाही. आणि नोंद तिथल्या तिथे करा, सकाळी आठवून लिहिली की फ्रिक्वेन्सी हमखास पाच किलोहर्ट्झने चुकते. वही मिटली की क्लिप काढा, वायर बाहेर टाका, सेल चार्जिंगला लावा.